सीगिरीची भिंत व श्रीपादाची सांखळी
सिंहलद्वीपांतील साहसी आरोहणाच्या साधनांचा विचार

(१)

सिंहलद्वीपास जाणाऱ्या आजच्या प्रवाशास साहसाच्या क्रीडांची तेथें वाण नाहीं. केलणी नदीच्या खळाळांतून कितुळगल गांवापाशीं रबरी होडींत बसून उतरावें, पूर्व किनाऱ्यावर अरुगमच्या उपसागरांत फळीवर उभें राहून लाटेवर स्वार व्हावें, वायव्येस कल्पिटिय येथें पतंगाच्या ओढीनें पाण्यावरून घसरत जावें, आणि पाय बळकट असतील तर श्रीपाद व सीगिरी हीं दोन स्थानें चढून यावें, असा कार्यक्रम प्रवाशांपुढें मांडला जातो. या सर्व गोष्टी एका माळेंत ओंवल्या गेल्यामुळें त्यांच्याबरोबर एक समजूतही नकळत रूढ झाली आहे. ती अशी कीं, धोका पतकरून केवळ हौसेनें उंच स्थळीं जाण्याचा नाद युरोपियनांनीं एकोणिसाव्या शतकांत या बेटांत आणिला. त्यापूर्वींचा मनुष्य डोंगर चढला असेल तर तो देवासाठीं किंवा राजाच्या हुकमानें.

होडी, फळी व पतंग यांच्यापुरती ही समजूत बरोबर आहे. कड्यांच्या बाबतींत मात्र ती टिकत नाहीं. ज्या साधनांवरून ती टिकत नाहीं असें म्हणतां येतें, त्यांचें स्वरूपच असें आहे कीं, हस्तलिखितांच्या व शिलालेखांच्या संग्राहकांनीं त्यांकडे मुद्दाम पाहावें. म्हणून हा प्रपंच.

हीं साधनें चार प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार पालि भाषेंतील राजवंशांच्या बखरीचा, म्हणजे चूलवंसाचा. दुसरा राजांनीं कोरविलेल्या शिलालेखांचा. तिसरा परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांचा. चौथा प्रकार सर्वांत अधिक महत्त्वाचा, आणि तरीही आपण ज्यास एरव्हीं साधन म्हणण्यास कचरूं असा आहे: तो म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांनीं भिंतीवर केलेलें ओरखडेवजा लेखन.

(२)

प्रथम श्रीपादाचा विचार करूं. लंकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखांत हें शिखर ७,३५९ फूट उंच उभें आहे. केलणी नदी याच डोंगरांच्या परिसरांत उगम पावते; अर्थात् कितुळगलच्या ज्या पाण्यावर आज होड्या उतरतात, तें पाणी या पर्वताच्याच बाजूचें होय. पालि ग्रंथांत या शिखरास समन्तकूट म्हणतात; सिंहली लोक समनळ कंद असेंही म्हणतात. रॉबर्ट नॉक्स नामक इंग्रज इ. स. १६६० पासून १६७९ पर्यंत कॅंडीच्या राज्यांत अडकून पडला होता. १६८१ सालीं छापलेल्या त्याच्या वृत्तांतांत ‘हमलेल’ असें नांव येतें, तें समनळ या नांवाशीं जुळतें. माथ्यावरील खडकांत पावलाच्या आकाराचा एक मोठा खळगा आहे. बौद्ध तो बुद्धाच्या पायाचा मानितात, शैव शिवाच्या, आणि मुसलमान बाबा आदमाच्या. एका पाउलास तीन धनी असूनही त्याकडे जाणाऱ्यांस सोसावे लागणारे कष्ट सर्वांस सारखेच होते.

हे कष्ट राजदरबारीं ठाऊक होते, ही गोष्ट लेखांवरून सिद्ध आहे. पहिल्या विजयबाहूनें (इ. स. १०५५-१११०) यात्रेकरूंचे हाल पाहून शिखराकडे जाणाऱ्या वाटांवर अन्नदानाची व्यवस्था केली आणि तिच्या खर्चासाठीं गिलीमले वगैरे गांवें लावून दिलीं, असें चूलवंस सांगतो. अंबगमुव येथील त्याच्या शिलालेखांतही याच व्यवस्थेची माहिती आहे. बखर आणि शिलालेख यांचा असा मेळ बसला म्हणजे संशोधकास शंकेला जागा राहत नाहीं. पुढें निःशंकमल्ल राजा (इ. स. ११८७-११९६) स्वतः पर्वतावर गेला, शिखराजवळच्या भगवालेन नांवाच्या गुहेंत त्याचा लेख आहे. तेराव्या शतकांत दुसऱ्या पराक्रमबाहूचा प्रधान देवपतिराज यानें याच वाटेवर पूल बांधविले व धर्मशाळा उभारल्या, हेंही चूलवंसांतच नमूद आहे.

पूल, धर्मशाळा, शिधा व गांवांचें उत्पन्न हीं सर्व कशाचीं द्योतक आहेत? ही वाट एकट्यादुकट्या तपस्व्याची राहिली नव्हती. नाना प्रकारचे लोक तेथें मोठ्या संख्येनें जात होते आणि त्यांच्या जिवाची काळजी घेणें हें राजाचें कर्तव्य समजलें जात होतें.

वाट चढणाऱ्याच्या बाजूनें हीच हकीकत इब्न बतूता यानें लिहिली आहे. इ. स. १३४४ मध्यें मालदीव बेटांतून मअबरकडे, म्हणजे चोलमंडल किनाऱ्याकडे जातांना त्याचें गलबत वाऱ्यानें लंकेस लागलें. तेथील आर्यचक्रवर्ती राजानें त्याचें आगतस्वागत करून काय हवें तें माग म्हटलें, तेव्हां त्यानें आदमाच्या पावलाचें दर्शन घडवावें एवढेंच मागितलें. राजानें त्याच्यासाठीं पालखी दिली. दरसाल ही यात्रा करणारे चार जोगी, तीन ब्राह्मण, दहा इतर सोबती आणि शिधासामुग्री वाहण्यास पंधरा माणसें बरोबर दिलीं. वाटाडे, अनुभवी सोबती व हमाल अशी ही तुकडी पाहतां, आज डोंगरांत जाणाऱ्या मंडळींच्या व्यवस्थेहून तींत उणें असें काय होतें, हें सांगणें कठीण आहे.

या वृत्तांतांतील तीन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली जळवांची. झाडांवर व गवतांत राहणारी आणि माणूस जवळ आला कीं उडी घालणारी जळू इब्न बतूतानें वर्णिली आहे; लोक तिच्यासाठीं लिंबू जवळ बाळगतात व तें तिच्यावर पिळतात, म्हणजे ती गळून पडते, असें तो सांगतो. हा उपाय पुस्तकी नव्हे. त्या जंगलांतून पुष्कळ पाय पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावांचून असें ज्ञान सांचत नाहीं.

दुसरी गोष्ट सांखळ्यांची. कडा जेथें उभा होतो तेथें खडकांत खुंट ठोकून लोखंडी सांखळ्या अडकविलेल्या होत्या. मार्को पोलोनेंही या पर्वतावरील सांखळ्यांचा उल्लेख केलेला आहे. इब्न बतूता एकंदर दहा सांखळ्या मोजतो आणि शेवटच्या सांखळीस ‘शहादतची सांखळी’ म्हणतात असें सांगतो. नांवाचें कारण असें कीं, तेथवर पोंचून मनुष्यानें खालीं पाहिलें म्हणजे त्याचे डोळे फिरतात आणि आतां पडतों या भीतीनें तो कलमा उच्चारूं लागतो. ज्या लोकांनीं एका सांखळीस भीतीवरून नांव ठेविलें, त्यांनीं ती भीति ओळखली होती, तिची एकमेकांत चर्चा केली होती, आणि ती ओलांडण्यांत कांहीं पुरुषार्थ मानिला होता, हें उघड आहे.

तिसरी गोष्ट याहूनही बोलकी आहे. शिखरास दोन वाटा होत्या: एक बाबाची, म्हणजे आदमाची, व दुसरी मामाची, म्हणजे हव्वेची. मामाची वाट सोपी; तिनें यात्रेकरू परत येत. परंतु जो चढतांनाच मामाच्या वाटेनें जाई, त्यानें यात्रा केली असें धरीत नसत. बाबाची वाट बिकट. तीच खरी वाट. धर्माच्या दृष्टीनें पाहिलें तर पाऊल तेंच आणि पुण्यही तेंच असावयास पाहिजे होतें. मग कठीण वाटेनें गेल्यासच यात्रा घडली, हा नियम कोठून आला? कष्टाला स्वतःची किंमत आहे आणि सोप्या वाटेनें गांठलेलें शिखर हिशेबांत धरावयाचें नाहीं, ही गिर्यारोहकांची मर्यादा या नियमांत स्पष्ट दिसते. ती चौदाव्या शतकांत लेखनिविष्ट झाली, याची नोंद या विषयाच्या इतिहासकारानें घेतली पाहिजे.

हा प्रघात आजही सर्वस्वी लोपलेला नाहीं. मार्गशीर्षी पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम असतो. हॅटनच्या बाजूनें नल्लतण्णि गांवाहून सुमारें ५,००० पायऱ्या चढून बहुतेक लोक रात्रीं निघतात व सूर्योदयास माथ्यावर पोंचतात. रत्नपुराकडील वाट लांब व अधिक कष्टाची, आणि तिचा मान वेगळा. पहिल्यानेंच चढणाऱ्यास सिंहली भाषेंत ‘कोडुकारया’ म्हणतात. तुकडीच्या जाणत्या पुढाऱ्यास ‘नडे गुरा’ म्हणतात. माथ्यावर एक घंटा आहे. ज्यानें जितक्या वेळां शिखर गांठलें असेल त्यानें तितके टोले द्यावयाचे, असा रिवाज आहे. यात्रेंत आपल्या खेपा मोजून त्या चारचौघांस ऐकविण्याची ही रीत भाविकपणाची खरी, पण तींत चढणाऱ्याच्या अभिमानाचाही अंश आहे, हें कोण नाकारील?

(३)

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्यही आहे. श्रीपादाचा सर्व पुरावा अखेर यात्रेचा आहे; भीति, अभिमान व हौस यांचे अंश त्यांत सांपडले तरी मूळ प्रेरणा देवाची. तेव्हां जेथें पाऊल नाहीं, मूर्ति नाहीं, पुण्याचा लोभ नाहीं, अशा उंच स्थळीं लोक केवळ पाहण्यासाठीं चढत होते असा पुरावा मिळाल्यासच आमचा मुद्दा शाबीत होईल. तो पुरावा सीगिरी येथें आहे.

सीगिरी हा बेटाच्या मध्यभागांतील सपाट अरण्यांत एकटाच उठलेला, सुमारें ६०० फूट उंचीचा खडक होय. त्याच्या बाजू जवळजवळ सरळ उभ्या आहेत. चूलवंसांतील कथा थोडक्यांत अशी: काश्यपानें आपला बाप धातुसेन याचा घात करून राज्य घेतलें, भाऊ मौद्गल्यायन जंबुद्वीपांत पळाला, त्याच्या भयानें काश्यपानें या दुर्गम खडकावर राजवाडा बांधिला व वर जाण्यासाठीं सिंहाच्या आकृतीचा जिना केला, त्यावरून त्या स्थळास सिंहगिरि हें नांव पडलें. काश्यपाची कारकीर्द इ. स. ४७७ ते ४९५ अशी धरितात. अठरा वर्षांनीं मौद्गल्यायन सैन्य घेऊन परत आला. लढाईंत पुढें दलदल पाहून काश्यपानें आपला हत्ती वळविला. राजा पळाला असें समजून फौज उधळली, आणि काश्यपानें आपल्याच हातानें गळा कापून घेतला. त्यानंतर राजवाडा उजाड झाला व तें स्थान भिक्षूंकडे गेलें.

सिंहगड हें नांव आम्हां मराठी वाचकांस कड्यावरून दोर लावून चढण्याच्या कथेमुळें जिव्हाळ्याचें आहे. दोन्हीं नांवांचा अर्थ एकच. पण तेथील चढणारे गड घेण्यास आले नव्हते. ते आले तेव्हां लढाई होऊन शेंकडों वर्षें लोटलीं होतीं व घेण्यासारखें तेथें कांहीं उरलें नव्हतें.

खडकाच्या पश्चिम अंगास, निम्म्या चढावर, एक अरुंद वाट आहे. तिच्या एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस, दरीकडे, विटांची भिंत. या भिंतीच्या आंतल्या बाजूस चुन्याचा गिलावा इतका घोटलेला आहे कीं, तिला आरशाची भिंत असें नांव पडलें. वाटेच्या वरच्या बाजूस कड्याच्या एका खोबणींत सुंदर स्त्रियांचीं रंगीत चित्रें आहेत. आज सुमारें वीस आकृति शिल्लक आहेत. पूर्वी याहून पुष्कळ अधिक असाव्या, असें प्रेक्षकांच्या लेखांवरूनच दिसतें.

हे प्रेक्षक, म्हणजे उजाड राजवाडा पाहण्यास आलेले लोक, त्या भिंतीवर अणकुचीदार वस्तूनें बारीक अक्षरांत पद्यें कोरून गेले. सेनरत परणवितान यांनीं अशीं ६८५ पद्यें वाचून, अक्षरांच्या वळणावरून काल ठरवून, त्यांचा ‘सिगिरि ग्राफिटि’ हा दोन भागांचा ग्रंथ इ. स. १९५६ मध्यें प्रसिद्ध केला. बहुतेक पद्यें आठव्या ते दहाव्या शतकांतलीं आहेत. भाषा जुनी सिंहली व छंद मुख्यतः ‘गी’ या जातीचे. सिंहली काव्याचे इतके जुने नमुने ग्रंथरूपानें मिळत नसल्यामुळें भाषेच्या इतिहासकारांनीं या भिंतीस ताडपत्रांच्या दप्तराइतका मान दिला आहे.

आपणांस येथें काव्यापेक्षां आशय पाहावयाचा आहे. लिहिणारा बहुधा आपलें नांव सांगतो. पुष्कळदां गांव किंवा हुद्दाही सांगतो. लिहिणाऱ्यांत भिक्षु आहेत, राजदरबारचे लोक आहेत, साधे गृहस्थ आहेत आणि स्त्रियाही आहेत. चित्रांतल्या सुंदरींशीं ते बोलतात. त्या कांहींच उत्तर देत नाहींत म्हणून तक्रार करितात. राजा मेल्यावर या कड्यावर कां राहिल्या म्हणून त्यांची कींव करितात. कांहीं स्त्रियांना मात्र पुरुषांची ही स्तुति रुचलेली दिसत नाहीं. कोणी सिंहाचा उल्लेख करितो. कोणी दुसऱ्याच्या कवितेची थट्टा करितो. आपण सीगिरीस आलों, वर चढलों, पाहिलें व गेलों, हा भाव तर पुनःपुन्हा येतो.

या लेखांत नवस नाहीं, दान नाहीं, पुण्याची मागणी नाहीं, हें विशेष होय. त्याच बेटांतील त्याच काळचा शिलालेख पाहिला तर तो प्रायः विहारास दिलेल्या जमिनीचा किंवा सवलतीचा असतो. भिंतीवरील माणूस कांहीं देत नाहीं व मागतही नाहीं. घरून निघून, अरण्य तुडवून, अरुंद वाटेनें कड्यास बिलगून तो वर आला आहे, आणि त्या येण्याचा आनंद त्यास कोठें तरी नमूद करावयाचा आहे. हौशी प्रवासी म्हणून ज्यास आज आपण ओळखतों तो हाच. सबब, पाहण्याच्या व चढण्याच्या निव्वळ आवडीनें उंच स्थळीं जाणें ही गोष्ट या बेटांत निदान बाराशें वर्षांची जुनी आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(४)

आतां ज्या एकोणिसाव्या शतकास या हौसेचें श्रेय दिलें जातें, त्यांतील नोंदी तपासूं. इ. स. १८१५ मध्यें कॅंडीचें राज्य इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि त्याच वर्षीं माल्कम नांवाचा लेफ्टनंट श्रीपादावर चढला. १८१७ मध्यें डॉक्टर जॉन डेव्ही चढला. त्याचें पुस्तक १८२१ सालीं निघालें. सीगिरीस मेजर फोर्ब्स १८३१ मध्यें गेला व त्यानें १८४० सालच्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन छापलें. माथ्यावर १८५३ मध्यें अॅडम्स व बेली हे दोन मुलकी अधिकारी पोंचले. १८८९ मध्यें मरे या बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यानें चित्रांच्या खोबणीपर्यंत चढण्याची सोय करून चित्रांच्या नकला घेतल्या. १८९० पासून पुराणवस्तु खात्याचा प्रमुख असलेल्या एच. सी. पी. बेल यानें १८९४ पासून तेथें साफसफाई व उत्खनन चालविलें. सिंहाचे प्रचंड पंजे त्याच्याच कामांत उघडे पडले. १८९६-९७ मध्यें त्याच्या हाताखालील डी. ए. एल. परेरा या सिंहली चित्रकारानें चित्रांच्या रंगीत नकला तयार केल्या.

या मंडळींचें साहस खरें, आणि त्यांच्या श्रमांचें ऋणही मोठें. बेल व परेरा यांच्यावांचून आपणांस पुष्कळ गोष्टी कळल्या नसत्या. परंतु त्यांच्या नोंदींतील ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ बारकाईनें घेतला पाहिजे. माल्कम श्रीपादावर पोंचलेला पहिला इंग्रज होता. त्याच्यापूर्वीं तेथें निःशंकमल्ल राजा जाऊन आला होता, इब्न बतूता जाऊन आला होता, आणि ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत असे असंख्य कोडुकारया जाऊन आले होते. सीगिरीच्या वाटेनें गेलेल्या शेंकडों माणसांच्या सह्या तर भिंतीवर जागच्या जागीं होत्या. त्या वाचणारा नव्हता एवढेंच. वाचतां न येणाऱ्या लेखाच्या शेजारीं उभें राहून आपणच पहिले असें वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे, व इतिहास लिहितांना त्यापासून सावध राहिलें पाहिजे. आपल्या सह्याद्रींतील कडे व घाट यांच्या नोंदींतही ‘अमुक साहेबानें प्रथम शोधून काढला’ अशीं वाक्यें सांपडतात. त्यांसही हाच न्याय लागू आहे.

(५)

येथवर भिंतीवरील लेखनाचा उपयोग करून घेतला. पण या साधनाचा स्वीकार केल्यावर एक प्रश्न आपल्याच गळ्यांत पडतो, आणि तो टाळून लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

इ. स. १९६७ च्या ऑक्टोबरांत कोणीं तरी रात्रीं खोबणींत शिरून चित्रांवर हिरवा रंग फासला. लुचिआनो मरांत्सी या इटालियन तज्ज्ञाच्या साह्यानें तीं पुन्हा स्वच्छ करावीं लागलीं. १९८२ मध्यें सीगिरीचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. आणि २०१५ मध्यें मैत्रिणींबरोबर सहलीस आलेल्या एका तरुणीनें आरशाच्या भिंतीवर आपलें नांव ओरखडलें म्हणून तिला दोन वर्षांची कैद सांगण्यांत आली. पुढें राष्ट्राध्यक्षांनीं माफी दिली व ती सुटली.

आठव्या शतकांत ज्यानें तेंच कृत्य केलें त्याचें पद्य आपण दोन भागांच्या ग्रंथांत छापतों. एकविसाव्या शतकांत जिनें केलें तिला तुरुंग. हा अन्याय आहे काय? रंग फासण्याचा प्रकार येथें आणूं नये. त्यांत नाश हाच हेतु होता. नांव लिहिणाऱ्या तरुणीचा हेतु जुन्या पद्यकारांहून निराळा नव्हता: मी येथवर आलें, हें कोणास तरी कळावें. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथ या फौजी अधिकाऱ्यानें इ. स. १८१९ मध्यें चित्रांवर आपलें नांव व तारीख खरवडून ठेविली, तिचा हेतुही हाच. आणि त्याच खरवडलेल्या तारखेमुळें लेण्यांच्या पुनःशोधाचें वर्ष आज निश्चित सांगतां येतें, हेंही आपण विसरूं शकत नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या मतें हेतु सारखा असला तरी भिंत सारखी राहिलेली नाहीं. आठव्या शतकांतला माणूस घोटलेल्या, कोऱ्या चुन्यावर लिहीत होता. त्यानंतर आलेल्यानें पहिल्याच्या अक्षरांवर अक्षरें काढलीं. त्यामुळें ओळींवर ओळी चढल्या व वाचणाऱ्याचे डोळे शिणले. आज त्या भिंतीवर कोरा भाग असा राहिलेलाच नाहीं. जेथें रिकामें दिसतें तेथेंही झिजलेला लेख असण्याचा संभव आहे. तेव्हां तेथें आज काढलेली प्रत्येक रेघ ही कोणाच्या तरी सहीवर काढलेली रेघ होय. एखाद्या जुन्या पोथीच्या पानावर आपलें नांव टांकानें लिहिणाऱ्यास आपण जें म्हणूं तेंच येथेंही म्हणावें लागेल. नियम योग्य आहे. मात्र नियम मोडणाऱ्या अजाण प्रवाशास दोन वर्षें कोंडणें हा त्या नियमाचा योग्य उपयोग नव्हे, आणि माफी देऊन ती चूक सुधारली गेली हें बरें झालें.

परंतु नुसता निषेध करून संशोधकाचें काम संपत नाहीं. मनुष्य कडा चढला म्हणजे त्यास लिहावेंसें वाटतें, ही गोष्ट बाराशें वर्षांच्या पुराव्यानें सिद्ध झालेली आहे. ती कायद्यानें नाहींशी होणार नाहीं. तिला दुसरी जागा दिली पाहिजे. धर्मशाळांच्या व विश्रामगृहांच्या वह्यांत येणारेजाणारे शेरे लिहीत. वाटाड्यांजवळ प्रशस्तिपत्रें असत. घरीं धाडलेल्या पत्रांत चढणीचें वर्णन असे. भिंतीवरील पद्याचे हे खरे वारसदार होत. परंतु भिंत टिकली आणि वह्या रद्दींत गेल्या, असें कोठेंही घडूं शकतें. कारण शिलालेखाचा ठसा घेण्यास आपण दहा कोस चालत जातों, पण विश्रामगृहाची फाटकी वही फुकट मिळाली तरी उचलीत नाहीं.

या बाबतींत महाराष्ट्रांतील संग्राहकांसही कर्तव्य आहे. येथून लंकेस गेलेल्यांचीं पत्रें, रोजनिशा व टांचणें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं तीं किरकोळ म्हणून टाकून देऊं नयेत. आपल्या गडकोटांवर जाणाऱ्या मंडळींच्या टिपणवह्यांचीही हीच गोष्ट. इब्न बतूताच्या लिंबासारखा एखादा बारीक तपशील, किंवा अमुक वाटेनें गेल्यासच गड चढला असें धरतात यासारखा एखादा रिवाज, अशाच कागदांत सांपडावयाचा. राजाच्या सनदेंत तो मिळणार नाहीं.

सारांश, श्रीपादाच्या सांखळीनें चढणाऱ्याची भीति आपणांपर्यंत पोंचविली व सीगिरीच्या भिंतीनें त्याचा आनंद पोंचविला. दोन्हीं गोष्टी बेटांत साहेब येण्यापूर्वींच्या आहेत, आणि ज्यांनीं त्या मागें ठेविल्या ते बहुतेक साधे, पायीं चालणारे लोक होते. त्यांच्या भिंतीवर आज कोणीं लिहूं नये. त्यांच्या वंशजांनीं कागदावर जें लिहिलें असेल तें मात्र आपण जपून ठेवावें. इत्यलम्.